भिंतीवर फलक, ताटाबाहेर अंडे

मुलांनी काय खावे, किती खावे आणि का खावे हे त्यांना कोणी शिकवायचे, आईबापांनी की शाळेने, हा प्रश्न अलीकडे पालकसभांतून, व्याख्यानमालांतून आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वारंवार विचारला जातो. प्रश्न वरवर पाहता निरुपद्रवी आहे. किंबहुना तो विचारणारा माणूस सुसंस्कृत समजला जातो. परंतु जो प्रश्न सर्वांनाच सोयीचा वाटतो त्याच्याकडे थोडे संशयाने पाहावे, असा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा रिवाज आहे. हा प्रश्न सोयीचा आहे याचे कारण उघड आहे. उत्तर ‘आईबापांनी’ असे दिले, तर मूल कुपोषित राहिल्याचा दोष आईवर टाकता येतो. उत्तर ‘शाळेने’ असे दिले, तर अभ्यासक्रमात एक धडा वाढवून मोकळे होता येते. दोन्ही उत्तरांत सरकारी तिजोरीला तोशीस लागत नाही.

२०२५ या एकाच वर्षातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्या मुलास केळे किंवा एखादे स्थानिक फळ, देण्याचे ठरविले होते. जानेवारी २०२५ च्या अखेरीस निघालेल्या शासन निर्णयाने अंड्यासाठीचा निधी काढून घेतला आणि ज्या शाळांना अंडे द्यावयाचे असेल त्यांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा असे सांगितले. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, मे २०२५ मध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्याशी संलग्न शाळांना आदेश दिला की, साखरेचे प्रमाण आणि तिचे दुष्परिणाम सांगणारे फलक शाळेत लावावेत. निर्णय काढणारे सरकार वेगळे आणि फलक लावावयास सांगणारे मंडळ वेगळे, हे खरे. फलक चुकीचा आहे असेही कोणी म्हणणार नाही. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी तेरा टक्के साखरेतून येतात आणि हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असावे, असे त्या आदेशातच म्हटले आहे. ही माहिती मुलांना मिळालीच पाहिजे. परंतु या दोन घटनांमागे विचाराची एकच रीत आहे. फलक एकदा रंगवला की काम संपते. अंडे मात्र दर आठवड्याला विकत घ्यावे लागते. म्हणून ज्ञान शाळेने द्यावे आणि अन्न वर्गणीतून यावे, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीला विरोध करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अन्नाचे ज्ञान शाळेनेच द्यावे, परंतु ते फळ्यावरून नव्हे तर ताटातून द्यावे. ते ताट सार्वजनिक पैशाने भरलेले असावे. आणि आईबापांना त्यात अडाणी विद्यार्थी म्हणून नव्हे तर सहशिक्षक म्हणून स्थान असावे, अशी आपली भूमिका असली पाहिजे.

आईची जबाबदारी म्हणजे काय?

प्रथम ‘आईबापांनी शिकवावे’ या पक्षाचा विचार करू. या पक्षाचे म्हणणे असे की, आहार हा संस्काराचा भाग आहे, आणि संस्कार घरात होतात. घरी आईने पालेभाजी केली नाही तर शाळेत पालेभाजीचे गुण सांगून काय उपयोग? युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्यात ‘आई’ हा शब्द मात्र फार अलगद वापरलेला असतो. ही आई कोणती?

बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर जी कुटुंबे ऊसतोडीला निघतात, त्यांत नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराच्या नावाने ओळखणारा हा हिशेब पुष्कळ काही सांगून जातो. या कोयत्यातील अर्धा भाग असलेली बाई पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापते, उजाडण्यापूर्वी फडावर जाते, तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहते, आणि गाडी भरण्याची वेळ रात्रीची आली तर रात्रीही काम करते. तिची मुले एकतर तिच्याबरोबर पालावर असतात किंवा गावी म्हाताऱ्या आजीजवळ. तिला समतोल आहाराचा तक्ता द्यावा आणि तिने तो मुलांना समजावून सांगावा, असे म्हणणाऱ्याने तिच्या दिवसाचे तास एकदा मोजावेत. मुंबईच्या उपनगरात चार घरची धुणीभांडी करणारी बाई असो की भिवंडीच्या यंत्रमागावरील कामगाराची बायको असो, हिशेब फारसा बदलत नाही. ज्ञान नसणे ही तिची अडचण नाही; वेळ आणि पैसा नसणे ही तिची अडचण आहे.

हे काही नवे सांगितले जात आहे असे नव्हे. १९७१ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दारिद्र्याची रेषा कोठे ओढावी हे ठरविताना त्यांनी दरडोई दररोज २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च हा निकष धरला. म्हणजे गरिबी मोजावयाची तर ताटापासून सुरुवात करावी लागते, आणि ताट मोजावयाचे तर क्रयशक्तीपाशी यावे लागते, हे पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. त्या निकषावर पुढे पुष्कळ वाद झाले. परंतु ‘लोकांना खाण्याचे कळत नाही म्हणून ते उपाशी आहेत’ हा सिद्धान्त त्या वादांत कोणत्याही गंभीर अभ्यासकाने मांडला नाही. तो मांडण्याचे धाडस आजच्या पालकसभांतील वक्ते करीत आहेत.

आकडे पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, ३६.१ टक्के मुलांचे वजन कमी आहे. त्याआधीच्या पाहणीत हे आकडे ३४.४ आणि ३६ होते. म्हणजे पाच वर्षांत प्रगती शून्य. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्तक्षय तर ५३.८ टक्क्यांवरून ६८.९ टक्क्यांवर गेला. देशातील सर्वांत संपन्न राज्यांपैकी एक म्हणविणाऱ्या राज्यातील ही स्थिती आहे. या पाच वर्षांत मराठी आया एकाएकी अडाणी झाल्या, असे कोणास म्हणावयाचे आहे काय?

घर काय शिकवते

याचा अर्थ घराला काही शिकवता येत नाही असा नव्हे. उलट अन्नाचे जे खरे ज्ञान आहे ते पुष्कळसे गरिबांच्याच घरांत टिकून राहिले आहे. पहिल्या पावसानंतर टाकळा कधी खुडावा, शेवळाची खाज घालविण्यासाठी त्यात काय घालावे, कुरडू कोवळी कशी ओळखावी, अंबाडी कशाबरोबर शिजवावी, नाचणीला मोड कसे आणावेत, हे सह्याद्रीच्या कुशीतील बाईला जितके कळते तितके आहारशास्त्राच्या पदवीधराला क्वचितच कळते. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. त्यांनी गावठी वाणांचे बियाणे जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे ज्ञान शाळेच्या पुस्तकात का नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

परंतु घराची पूजा बांधण्यापूर्वी दुसरी बाजूही पाहावी लागते. घर मुलाला केवळ भाज्या ओळखावयास शिकवीत नाही. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, हेही घरच शिकवते. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात एका सरकारी शाळेतील सवर्ण मुलांनी दलित बाईच्या हातचे अन्न नाकारले. तिला काढून सवर्ण बाई नेमली तेव्हा दलित मुलांनी तिच्या हातचे जेवण्यास नकार दिला. त्या सवर्ण मुलांना हा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकाने दिला होता? तो त्यांच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरात मिळाला होता. दलित मुलांनी जे केले ते त्या धड्याला दिलेले उत्तर होते. अन्नाचा संस्कार केवळ घरावर सोपवा असे जे म्हणतात, त्यांनी हाही संस्कार त्या गाठोड्यात आहे हे लक्षात घ्यावे.

घर आणखी एक धडा देते. बापाने आधी जेवावे, मुलग्याला दूध मिळावे, आणि बाईने व मुलीने उरलेसुरले खावे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. या तफावतीची सगळी कारणे ताटात नाहीत, शरीरधर्माचाही त्यात भाग आहे, हे मान्य. परंतु पंगतीचा क्रम हे त्यांपैकी एक कारण आहे, आणि हा क्रम बदलणारा धडा ज्या घरात तो क्रम पाळला जातो त्या घरात मिळण्याची शक्यता कमीच. तो मिळावयाचा तर जेथे मुलगा आणि मुलगी एकाच वेळी, एकाच ओळीत, सारख्याच ताटात जेवतात तेथे मिळेल. सर्व जातींची मुले दररोज अशी एकत्र जेवतात अशी, शाळेवाचून दुसरी कोणती जागा या देशात आहे?

तिसरा शिक्षक

आईबाप की शाळा असा वाद आपण घालीत असताना एक तिसरा शिक्षक कधीच वर्गात येऊन बसला आहे. त्याचे नाव बाजार. त्याची शिकवणी पहाटे दूरचित्रवाणीवर सुरू होते आणि रात्री आईच्या हातातील मोबाइलवर संपते. त्याचे शुल्कही अल्प आहे. पाच रुपयांत बिस्किटांचा पुडा, पाच रुपयांत मसालेदार कुरकुरीत काहीतरी. किंमत तीच ठेवून आतले वजन मात्र हळूहळू घटत जाते. ज्या आईला मजुरीवर जावयाचे आहे तिने रडणाऱ्या मुलाच्या हातात तो पुडा दिला तर तिला दोष देणे सोपे आहे. पण पाच रुपयांत, शिजविण्याचा त्रास न घेता, गावातील प्रत्येक टपरीवर मिळेल असा दुसरा कोणता पदार्थ समाजाने तिच्यापुढे ठेवला आहे?

या शिक्षकाचे यश सरकारी आकड्यांतच दिसते. २०२२-२३ च्या कुटुंब उपभोग खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात एकूण खर्चापैकी सुमारे ४६ टक्के खर्च अन्नावर होतो. आणि अन्नाच्या सर्व बाबींत सर्वांत मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचा नाही, भाज्यांचा नाही. तो पेये आणि तयार प्रक्रियायुक्त पदार्थांचा आहे, ९.६२ टक्के. शहरांत तो १०.६४ टक्के आहे. यात चहाच्या टपरीवरील चहा आणि खानावळीतील जेवणही येते, म्हणून सगळा दोष पुड्यांना देता येणार नाही. तरीही खेड्यातील खर्चाचा कल कोणत्या दिशेने आहे हे यातून स्पष्ट होते.

शासन या शिक्षकाशी कसे वागते? नियम आहेत. महाराष्ट्राने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून चरबी, मीठ आणि साखर यांचा अतिरेक असलेले पदार्थ हद्दपार केले. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीला बंदी केली. आपल्या गावातील शाळेच्या फाटकापासून ५० मीटर अंतर पावलांनी मोजून पाहावे आणि या नियमाची अंमलबजावणी किती झाली ते स्वतःच ठरवावे. वर्षानुवर्षे माल्टची भुकटी ‘आरोग्यपेय’ म्हणून विकली गेली. कायद्यात ‘आरोग्यपेय’ अशी काही व्याख्याच नाही, हे ध्यानात आणून देऊन तिला संकेतस्थळांवरील त्या वर्गातून काढण्याची सूचना केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये केली. एवढ्या काळात किती आयांनी आपल्या पोटाला चिमटा काढून तो डबा विकत घेतला असेल? आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर आले, तेव्हा बिस्किटे आणि चॉकलेटे यांवरील कर १८ टक्क्यांवरून, आणि फरसाण व झटपट शेवया यांवरील कर १२ टक्क्यांवरून, ५ टक्क्यांवर आणला गेला. गोड फसफसत्या पेयांवर ४० टक्के कर ठेवला, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु ज्या वर्षात शाळेतील अंड्यासाठी पैसा नव्हता त्याच वर्षात बिस्किटाचा पुडा स्वस्त करण्यासाठी पैसा होता, ही गोष्टही न्यायाने नमूद केली पाहिजे. कर सोडून देणे हाही सरकारी खर्चच असतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकविले जाते.

ताट हेच पाठ्यपुस्तक

आता शाळेकडे वळू. शाळेत अन्न शिजावे आणि त्यातून शिक्षण व्हावे, ही कल्पना परकी नाही. १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र राबत आणि एकाच पंगतीला बसत. त्या स्वयंपाकघरात मुलांना जो समाजशास्त्राचा पाठ मिळाला तो कोणत्याही ग्रंथात नव्हता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीमची मांडणी झाली. शेतात पिकविणे, दळणे, रांधणे, स्वच्छता ही शिक्षणाची साधने आहेत, हे तिचे सूत्र होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी आणि कुरणशाळा चालविल्या, तेव्हा मूल जेथे आहे तेथे शाळेने गेले पाहिजे, हे त्यांनी करून दाखविले. महाराष्ट्राला ही परंपरा आहे. ती पुतळ्यांच्या उद्घाटनापुरती आठवली जाते, हे आपले दुर्दैव.

राजकीय इच्छाशक्ती काय करू शकते याचे उदाहरण तमिळनाडूचे आहे. १९५६ साली कामराजांनी शाळांत दुपारचे जेवण सुरू केले. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ती योजना व्यापक केली, तेव्हा तिला उधळपट्टी म्हणून नावे ठेवण्यात आली. १९८९ साली करुणानिधींच्या सरकारने त्यात अंडे आणले. पक्ष बदलले, एकमेकांचे कट्टर वैरी सत्तेवर आले. परंतु ताटातील अंडे काढण्याची हिंमत कोणी केली नाही, उलट पुढे अंड्यांची संख्या वाढत गेली. उर्वरित देशात मात्र १९९५ ची योजना बहुतेक ठिकाणी घरी तीन किलो धान्य देण्यापुरती राहिली. शिजविलेले अन्न दिलेच पाहिजे, निदान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने दिलीच पाहिजेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला, तेव्हा राज्यांच्या चुली पेटल्या. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने हा मुलांचा कायदेशीर हक्क केला: पहिली ते पाचवी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवी ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने.

हक्काची किंमत मात्र काय ठरली? मे २०२५ पासून लागू झालेल्या दरानुसार प्राथमिक वर्गातील मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे, उच्च प्राथमिक वर्गासाठी १० रुपये १७ पैसे. धान्य वेगळे मिळते. परंतु डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन हे सर्व त्या पैशांत बसवावयाचे. एक अंडे घेतले तर त्या दिवशीचे पैसे जवळजवळ संपले. मुलाला दुपारी पातळ आमटी वाढावयाची आणि पुढच्या तासाला ‘प्रथिने शरीराची वाढ करतात’ हे वाक्य पाच वेळा लिहावयास सांगावयाचे, हे शिक्षण नव्हे, ही थट्टा आहे. मूल या दोहोंपैकी आमटीवर विश्वास ठेवते. पुस्तकातील आहार हा परीक्षेसाठी असतो आणि ताटातील आहार हा आपल्यासाठी असतो, हे ज्ञान त्याला तेथेच प्राप्त होते.

या वर्गात एक शिक्षिका आहे. तिला आपण शिक्षिका मानत नाही, एवढेच. ती म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. केंद्राने २००९ साली तिचे मानधन दरमहा १,००० रुपये ठरविले, तेही वर्षातून दहा महिने. म्हणजे सालाचे दहा हजार. त्यानंतर वर्षांमागून वर्षे गेली, केंद्राने या आकड्याला हात लावला नाही. महाराष्ट्रासह काही राज्ये पदरचे घालून तो वाढवितात, तरीही किमान वेतनाच्या जवळपास तो जात नाही. वेतन म्हटले की कायदा लागू होतो, म्हणून ‘मानधन’ हा शब्द. शंभर मुलांच्या तोंडात अन्न घालणाऱ्या बाईचा मान आणि धन या दोहोंचा एवढा मोठा अपमान एकाच शब्दात क्वचितच झाला असेल.

आक्षेप

पहिला आक्षेप शाकाहाराचा. अंडे दिल्याने काही समाजांच्या भावना दुखावतात, असे सांगण्यात येते. २०१५ साली मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी अंगणवाड्यांत अंडे येऊ दिले नाही ते याच कारणाने. उत्तर सरळ आहे: जे मूल खात नाही त्याच्यावर सक्ती नको, त्याला फळ द्यावे, परंतु जे मूल खाते त्याच्या ताटातून ते काढून घेण्याचा अधिकार न खाणाऱ्याला नाही. ज्या मुलांच्या घरी अंडे खातात पण परवडत नाही, त्यांच्या भावनांची दखल कोणी घ्यावयाची?

दुसरा आक्षेप विद्वत्तेचा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुपुत्र, जागतिक अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक राहिलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी साधार दाखविले होते की, आपल्या धान्यडाळीच्या आहारात पोटभर खाणाऱ्याला प्रथिनांची तूट सहसा पडत नाही. तूट आहे ती एकूण अन्नाची. मग अंड्याचा आग्रह कशाला? सुखात्मे यांचा मुद्दा मोलाचा आहे, आणि तो प्रथम प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकणाऱ्यांच्या तोंडावर फेकला पाहिजे. परंतु अंडे म्हणजे केवळ प्रथिने नव्हेत. स्निग्धांश आणि अनेक जीवनसत्त्वेही त्यात आहेत. आणि ‘पोटभर’ ही त्यांची अट पुरी झाल्याचे कोणत्या पाहणीने सिद्ध केले आहे? सुखात्मे यांनी स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांवरही तितकाच भर दिला होता, हे त्यांचा आधार घेणारे विसरतात.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सर्वांत न्याय्य आहे. खिचडीचा हिशेब, तांदळाची नोंद आणि मोबाइलवरील माहिती भरता भरता शिकविणेच मागे पडते, असे ते म्हणतात. ते खरेच आहे. म्हणून हे काम त्यांच्या डोक्यावर आणखी लादू नये. जपानने २००५ साली आहारशिक्षणाचा मूलभूत कायदा केला, तेव्हा शाळांसाठी पोषणशिक्षक हे वेगळे पद निर्माण केले. तेथे मुले स्वतः वाढतात, स्वतः आवरतात, आणि दुपारचे जेवण हा शिक्षणाचाच तास मानला जातो. आपल्याला ते जसेच्या तसे आणता येणार नाही. परंतु प्रत्येक केंद्रातील शाळांसाठी मिळून एक प्रशिक्षित व्यक्ती नेमणे या राज्याला अशक्य आहे, असे कोणी सांगू नये.

करावयाचे काय?

१९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईच्या रस्त्यावर मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लाटणी आणि थाळ्या घेऊन उतरल्या. स्वयंपाकघर ही बाईची खाजगी बाब आहे, हा समज त्या लाटण्यांनी मोडून काढला. आज आहाराला पुन्हा घराच्या चार भिंतींत कोंडून आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा जो प्रयत्न चालला आहे, त्याला उत्तर त्याच दिशेने द्यावे लागेल.

मागण्या स्पष्ट असाव्यात. अंडे किंवा फळ हे वर्गणीतून नव्हे, राज्याच्या अर्थसंकल्पातून मिळाले पाहिजे. हक्क वर्गणीने भागविता येत नाही. ज्या गावाला वर्गणी झेपत नाही त्याच गावातील मुलांना अंड्याची गरज अधिक असते, एवढे गणित मंत्रालयाला यावे. स्वयंपाक करणाऱ्या बाईला वेतन मिळाले पाहिजे आणि वर्गात स्थान मिळाले पाहिजे. महिन्यातून एकदा तिने आणि गावातील जाणत्या आयांनी रानभाज्यांचा, डाळींचा, मोड आणण्याचा पाठ द्यावा, आणि तो मुलींइतकाच मुलग्यांनीही हाताने करावा. परसबाग केवळ छायाचित्रापुरती नसावी. सातवीच्या मुलाला पुड्यावरील बारीक अक्षरे वाचता यावीत, त्यातील साखर चमच्याने मोजता यावी, आणि पाच रुपयांच्या पुड्यातील शेंगदाण्यांचा व बाजारातील सुट्या शेंगदाण्यांचा भाव ताडून पाहता यावा. हे अंकगणित आहे, आणि हेच अर्थशास्त्रही आहे. ऊसतोडणीच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे कारखान्याचे धुराडे पेटण्यापूर्वी सुरू झाली पाहिजेत. मूल फडावर गेल्यानंतर उघडलेले वसतिगृह कागदावरच जेवते.

कार्यकर्त्यांच्या हातात एक साधन आजही आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक अनुदानित व सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे. तिच्यात तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. पुष्कळ गावी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. आपल्या शाखांनी या समित्यांत बसावे. आठवड्यातून एक दिवस मुलांच्या पंगतीत बसून तेच जेवण जेवावे, तांदळाची वही पाहावी, डाळ किती शिजली ते विचारावे, आणि जानेवारी २०२५ च्या निर्णयानंतर आपल्या शाळेत किती आठवडे अंडे मिळाले याची नोंद गावाच्या फळ्यावर लिहावी. सरकारने शाळेच्या भिंतीवर साखरेचा फलक लावावा. आपण त्याच्या शेजारी अंड्यांचा फलक लावू. कोणता फलक अधिक शिकवितो हे मुले ठरवतील, आणि त्यांना ठरविता येईल इतके शिक्षण त्यांना देणे हेच आपले काम आहे.